एका ओळीत एकच आकडा

ॲबरडीन. मेल्ड्रम आणि बर्नी, वकील, दुसरा मजला.
समुद्रावरून धुकं चढलंय,
समोरच्या बँकेचं घड्याळ त्यात बुडालेलं.
मला दिलेलं काम: जुने कोड काढा.
शुक्रवारी नवी यंत्रणा येतेय,
तिला मागचं ओझं नको.

इथून बाहेर फोन लावायचा तर
आधी कानात एक बारीक सूर,
मग आपला कोड, म्हणजे तू कोण.
मग पुन्हा सूर, दुसरा कोड,
म्हणजे पैसे कुणाच्या खात्यावर.
दोन्ही पटले तरच पलीकडे घंटा.
स्वर्गाच्या दारातही
यापेक्षा कमी विचारत असतील.

खात्यांचे कोड एकेक करून काढायचे तर आठवडा गेला असता,
म्हणून फाइल. साधी, नुसत्या मजकुराची.
एका ओळीत एकच आकडा,
शेवटी मोकळी जागा नको, स्वल्पविराम नको,
नाव तर नकोच.

नावं होती हिरव्या वहीत,
इनिस रेनीच्या अक्षरात.
एकतीस वर्षं तो इथला कारकून,
आणि त्यानं कोड मनाचे दिले नव्हते.
बोटीच्या नाकाडावर रंगवलेला नोंदणीचा आकडा,
तोच तिच्या खटल्याचा कोड.
फ्रेझरबर्गची 'हार्वेस्ट मून', २४२,
बकीची 'कॉन्स्टंट', ९१,
दोन भाऊ एका इंजिनावरून कोर्टात गेले ती 'व्हायोलेट जेमिसन', ५०७.
समासात पेन्सिलीनं:
विकली.
भंगारात.
मिटलं, पैसे यायचेत.
हे यायचेत एकोणीसशे त्र्याण्णव सालचं.

मी टाइप करत गेले. बोटी एकाखाली एक,
बंदरात कधी लागल्या नसतील इतक्या शिस्तीत.
अकराशे शेहेचाळीस ओळी.
यंत्रानं विचारलं, आत्ता की नंतर?
म्हटलं, आत्ता.
किटलीला उकळी फुटायच्या आत
काम आटोपलं.

काढले: अकराशे पंचेचाळीस.
अयशस्वी: एक.
३१८. असा कोड अस्तित्वात नाही.

माझाच हात चुकला असेल म्हणून वही उघडली.
आकडा बरोबर. पीटरहेडची 'प्रॉस्पेक्ट'.
समास कोरा. पेन्सिलचा ठिपकासुद्धा नाही.

इनिसला मोबाइलवरून फोन लावला,
ऑफिसच्या फोननं आता कुणाचंच खातं ओळखलं नसतं.
'तो मी काढला, पोरी. पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत.'
एकच?
'एकच. तेव्हा तळघरात जावं लागायचं,
पाण्याच्या पाइपांखाली वाकून, कीबोर्ड गुडघ्यावर घेऊन.'
मागं रेडिओवर कुणी समुद्राचं हवामान वाचत होतं,
वारा नैर्ऋत्येचा, सातवर, वाढता.
'अँगस तिच्यावर होता. माझा धाकटा.
तीन रात्री मी याच ऑफिसातून फोन करत होतो,
आणि दर वेळी ते यंत्र सूर लावून थांबायचं,
पैसे कुणाच्या खात्यावर?
दर वेळी ३१८ दाबायचो, तेव्हा कुठं लाइन लागायची.
बोट आईच्या नावावर.
महिनाअखेर बिलही तिच्याच दारात गेलं.
तटरक्षक दलाला एकोणीस फोन,
कधी, किती मिनिटं, किती पेन्स,
सगळं नीट छापून.'

मी काही बोलले नाही.
त्यानं खाकरून घसा मोकळा केला.
'वहीतून नाही खोडला हं. वही माझी होती.
ते यंत्र कंपनीचं.'

संध्याकाळी साहेबाचा निरोप आला:
अयशस्वी शून्य दिसायला हवं, पुन्हा चालवून बघ.
पुन्हा चालवलं असतं
तर सगळ्या बोटी एका सुरात म्हणाल्या असत्या, आम्ही नाही.
अहवाल होता तसाच पाठवला.
फक्त कारणाच्या रकान्यात लिहिलं:
आधीच काढलेला. हातानं.